तोंडाची तपासणी तिशीपर्यंत थांबू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गुटख्याचा साठा पकडल्याच्या बातम्या आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर नेहमी येतात. किती पोती सापडली, मालाची किंमत किती, वाहन कोणत्या नाक्यावर अडवले, हे सारे त्यांत सविस्तर असते. आणि अन्न व औषध प्रशासनाने व पोलिसांनी ही कारवाई करायलाच हवी. परंतु हा माल ज्यांच्या तोंडात जातो त्यांच्या तोंडाचे पुढे काय होते, ते तोंड उघडून कोण पाहते आणि कोणत्या वयात पाहते, याविषयी फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. मी दंतवैद्य आहे. माझे बालपण सातारा जिल्ह्यात गेले आणि व्यवसाय चंद्रपूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आहे. त्यामुळे मशेरीने उघडी पडलेली दातांची मुळे मी लहानपणापासून पाहत आले आणि खर्र्याने, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याच्या मिश्रणाने, मिटत चाललेली, दिवसेंदिवस कमी उघडणारी तोंडे आता रोज पाहते. या अनुभवावरून माझे ठाम मत झाले आहे की आपल्या सरकारी यंत्रणेची तोंडाची तपासणी फार उशिरा सुरू होते. ती वयाच्या तिसाव्या वर्षापासून होते, आणि आमच्या भागातील कित्येक मुलांचे तोंड तोवर निम्मे मिटलेले असते.

जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या २०१६-१७ च्या फेरीनुसार महाराष्ट्रातील १५ वर्षे व त्यावरील वयाचे २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरतात. त्यांत विडी-सिगारेट ओढणारे ३.८ टक्के आहेत, तर तंबाखू चघळणारे, गालात धरणारे किंवा दातांना लावणारे २४.४ टक्के आहेत. काही जण दोन्ही करतात. तरीही तंबाखूविरोध म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सिगारेटच येते. कचेरीच्या भिंतीवर ‘धूम्रपान निषिद्ध’ अशी पाटी लावलेली असते आणि त्याच भिंतीचा खालचा कोपरा पिचकाऱ्यांनी लाल झालेला असतो. महाराष्ट्रातील तंबाखूचा प्रश्न मुख्यतः तोंडात धरलेल्या तंबाखूचा आहे, हे एकदा मान्य केले की तपासणी कुठे आणि कशी करायची याचेही उत्तर आपोआप मिळते.

पूर्व विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी खर्र्याविषयी थोडे सांगायला हवे. टपरीवाला प्लॅस्टिकच्या पन्नीवर बारीक कातरलेली सुपारी घेतो, तिच्यात सुगंधी तंबाखू आणि चुना घालतो, पाण्याचा थेंब सोडतो आणि पन्नी गुंडाळून ती पाटीवर जोर लावून घोटतो. घोटता घोटता मिश्रण गरम होते, सुपारी मऊ पडते आणि तिला चुना-तंबाखू लागते. एक पुडी दिवसभर खिशात राहते आणि चिमूट चिमूट गालात जाते. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला मावा म्हणतात तो याचाच भाऊबंद. मित्राला खर्रा देणे हा आमच्याकडे शिष्टाचार आहे, आणि घरच्या कार्यात पाहुण्यापुढे तो ठेवला नाही तर यजमानालाच ओशाळल्यासारखे वाटते. नववी-दहावीतील मुलगा हे सारे पाहत असतो, आणि वडिलांसाठी टपरीवरून पुडी आणायलाही बहुधा त्यालाच पाठवले जाते.

या मिश्रणातील तिन्ही जिन्नस तोंडाला वेगवेगळ्या प्रकारे इजा करतात. चुन्यामुळे तोंडातील क्षारता वाढते. त्यामुळे निकोटिन आतल्या नाजूक त्वचेतून झपाट्याने रक्तात जाते आणि ‘किक’ लवकर बसते. तोच चुना त्वचेला भाजतोही. तंबाखूतील नायट्रोसअमाइन ही रसायने कर्करोग निर्माण करतात, हे निर्विवाद सिद्ध झालेले आहे. तिसरा जिन्नस सुपारी, आणि तिच्याविषयी आपला समाज सर्वांत गाफील आहे. सुपारीतील अ‍ॅरिकोलीन या द्रव्यामुळे गालाच्या आतील पेशी गरजेपेक्षा जास्त तंतू तयार करू लागतात, सुपारीतील तांब्याच्या अंशामुळे ते तंतू एकमेकांत घट्ट गुंफले जातात आणि एरवी जुने तंतू विरघळवण्याचे जे काम शरीरात सतत चालू असते ते मंदावते. गाल, टाळू आणि घशाची कमान हळूहळू ताठ होत जाते. या विकाराला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. १९५२ मध्ये पूर्व आफ्रिकेतील भारतीय स्त्रियांमध्ये त्याचे वर्णन झाले, आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. जोशी यांनी आपल्याकडील रुग्णांच्या अभ्यासावरून त्याला हे नाव दिले. म्हणजे सत्तर वर्षांपासून हा विकार वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तर २००४ मध्ये नुसती सुपारीही, तंबाखू नसलेली, कर्करोगकारक म्हणून जाहीर केली. असे असूनही तंबाखू नसल्याची ग्वाही देत गोड सुपारीच्या पुड्या शाळेबाहेर विकल्या जातात आणि शिकलेले पालक त्या मुलांना निःशंकपणे घेऊन देतात, याचे मला अतिशय वाईट वाटते.

रुग्ण आमच्याकडे या विकाराची तक्रार घेऊन येतच नाही. तो दाढ दुखते म्हणून येतो. खुर्चीत बसवून तोंड उघडायला सांगितले की तो म्हणतो, “मॅडम, इतकंच उघडते जी.” वय विचारावे तर बावीस किंवा तेवीस. तोंडात पाहण्याचा लहान आरसा आत जात नाही, दाढेपर्यंत हत्यार पोचत नाही, त्यामुळे जी दाढ सिमेंट भरून सहज वाचली असती तिच्यावर उपचारच करता येत नाहीत. गाल ओढून पाहिला तर आतली गुलाबी त्वचा फिकट, संगमरवरासारखी पांढुरकी झालेली दिसते आणि बोट फिरवले की कातडीखाली ताणलेल्या दोऱ्या लागतात. पडजीभ आखडून लहानशी उरलेली असते. जीभ बाहेर काढता येत नाही, गाल फुगवता येत नाहीत, शिट्टी वाजत नाही. मग विचारत गेले की एकेक गोष्ट बाहेर येते: ठेचा, तिखट भाजी तोंडात घेतली की आग होते, भाकरी वरणात कुस्करून खावी लागते, घरी आई वेगळे कमी तिखटाचे शिजवते. ही आग वर्षभर आधीपासून होत असते. ती ‘उष्णता’ समजली जाते, आणि उष्णता म्हणून गुलकंद आणि बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या घेण्यात ते वर्ष निघून जाते.

निरोगी प्रौढ माणसाचे तोंड पुढच्या वरच्या आणि खालच्या दातांमध्ये साधारण ३५ ते ५० मिलिमीटर उघडते. मोजपट्टी लागत नाही. स्वतःच्या हाताची मधली तीन बोटे, तर्जनी, मध्यमा आणि अनामिका, एकावर एक उभी धरून दातांमध्ये सहज गेली पाहिजेत. दोनच जात असतील तर दंतवैद्याकडे जायला हवे. एकच जात असेल तर विकार फार पुढे गेला आहे. एवढी सोपी परीक्षा दुसऱ्या क्वचितच कुठल्या रोगाची असेल. शाळेतील शिक्षक, आशाताई, घरातील आई, कोणीही ती करू शकते.

या विकारावर पूर्ववत करणारा उपाय नाही, हे रुग्णाला सांगताना मन घट्ट करावे लागते. व्यसन थांबले तर विकार पुढे सरकणे थांबू शकते. आम्ही गालात इंजेक्शने देतो, व्यायाम शिकवतो. आइस्क्रीमच्या सपाट लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या आणि आठवड्याला त्यांत एखादी काडी वाढवत जायची, असा तो व्यायाम असतो. चिकाटीच्या मुलांना त्याने काही मिलिमीटरचा लाभ होतो. फारच मिटलेल्या तोंडात गालातील दोऱ्या शस्त्रक्रियेने कापाव्या लागतात, आणि त्यानंतर व्यायाम सोडला तर तोंड पुन्हा मिटते. शिवाय कर्करोगाचा धोका उरतोच. केरळमधील एर्नाकुलम जिल्ह्यात अशा ६६ रुग्णांचा १७ वर्षे पाठपुरावा करण्यात आला, तेव्हा त्यांतील ७.६ टक्के रुग्णांना तोंडाचा कर्करोग झाला असे १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आढळले. पंचविशीच्या मुलापुढे आणखी चाळीस वर्षांचे आयुष्य असते, हे लक्षात घेऊन हा आकडा वाचावा.

आता मशेरीविषयी. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी या पट्ट्यात तंबाखूची पाने तव्यावर काळी होईपर्यंत भाजून, चुरून घरीच मशेरी केली जाते. पहाटे चूल पेटली की पहिले काम तेच. ही तंबाखू आहे असे तिला वापरणाऱ्या बायकांना वाटतच नाही. ते दात घासण्याचे साधन असते. “तंबाखू खाता का?” असे विचारले तर मावशी मनापासून “नाही गं बाई” म्हणतात, कारण त्या खातच नाहीत, लावतात. त्यामुळे आरोग्य पत्रकावर प्रश्न नावानिशी विचारायला हवा: मशेरी, तपकीर, गुडाखू, खर्रा, मावा, सुपारी. माझ्या माहेरच्या गावात दात दुखला की मशेरी, पोट साफ व्हावे म्हणून मशेरी, दुपारी शेतात भूक मारायची असली तरी मशेरी, असा परिपाठ होता आणि बऱ्याच घरांत तो अजून आहे. भुकेवर उपाय म्हणून ज्या बाईला तंबाखू दातांना लावावी लागते तिला नुसते ‘व्यसन सोडा’ असे सांगणे मला अन्यायाचे वाटते. तिच्या दुपारच्या भाकरीची सोय हा या आरोग्यप्रश्नाचाच भाग आहे.

मशेरीचे परिणाम पाहायचे असतील तर खालचा ओठ अलगद पुढे ओढून पाहावा. ज्या जागी ती दाबून धरली जाते तिथली त्वचा पांढुरकी, जाड आणि सुरकुतलेली असते. शेजारच्या दातांवरून हिरडी खाली सरकलेली असते, दातांची पिवळी मुळे उघडी पडतात, थंड पाणी लागले की कळ जाते, आणि मुळाशी कीड लागली की ती झपाट्याने आत उतरते. रोजच्या घासण्याने दातांच्या मानेशी खाचा पडतात. निकोटिनमुळे हिरड्यांतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, म्हणून आत आजार वाढत असतानाही हिरडीतून रक्त कमी येते. रक्त येत नाही म्हणजे हिरड्या घट्ट आहेत, अशी समजूत होते आणि पन्नाशीच्या आत पुढचे दात हलू लागतात. गर्भारपणातही मशेरी सुटत नाही. मुंबईतील गर्भवती स्त्रियांचा एक अभ्यास २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला होता. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. ज्या देशात बाळाच्या जन्मवजनासाठी आपण लोहाच्या गोळ्यांपासून पोषण आहारापर्यंत एवढे प्रयत्न करतो, तिथे गर्भवतीच्या पहिल्या नोंदणीच्या वेळी तिच्या ओठाआड कोणी पाहू नये, याला काय म्हणावे?

दातांचे आणि हिरड्यांचे नुकसान आयुष्य अवघड करते. कर्करोग ते हिरावून घेतो. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण एका वर्षात भारतात आढळले आणि सुमारे ८० हजार मृत्यू झाले. जगातील अशा नव्या रुग्णांपैकी एक तृतीयांशाहून अधिक आपल्या देशात आहेत. पाश्चात्त्य देशांत हा कर्करोग जिभेवर अधिक दिसतो. आपल्याकडे तो गाल आणि खालची हिरडी यांच्यामधल्या खाचेत उगवतो, नेमका जिथे बार धरला जातो तिथेच. महाराष्ट्राला हे वेगळे सांगायला नको. श्री. शरद पवार यांच्यावर २००४ मध्ये तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि त्यांनी नंतर सार्वजनिक व्यासपीठांवरून तंबाखू-सुपारीविरुद्ध मोकळेपणाने सांगितले. आर. आर. आबांना फेब्रुवारी २०१५ मध्ये आपण याच रोगाने गमावले. तासगावच्याच नव्हे, साऱ्या राज्यातील लोकांनी तेव्हा हळहळ व्यक्त केली; पण त्या हळहळीतून किती लोकांनी आरशापुढे उभे राहून स्वतःचे तोंड उघडून पाहिले असेल?

पंधरा दिवसांत न भरणारी जखम, पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, कारण नसताना हलू लागलेला दात, ओठाला आलेला बधिरपणा, मानेत लागणारी गाठ, गिळताना कानात जाणारी कळ, यांपैकी काहीही असले तर दाखवायला उशीर करू नये. पण उशीर होतो, आणि त्याचे मोठे कारण भीती आहे. “तुकडा काढला की पसरतो,” हे वाक्य मी जितक्यांदा ऐकले असेल तितके दुसरे कुठलेच नाही. तुकडा तपासल्याने कर्करोग पसरत नाही. न तपासता महिने घालवले की तो पसरतो. तोवर लहान शस्त्रक्रियेत सुटणारा रोग जबड्याच्या हाडात शिरलेला असतो. मग जबड्याचा भाग काढणे, छातीचे मांस किंवा पायाचे हाड घेऊन गाल व जबडा पुन्हा उभारणे, नाकातून घातलेल्या नळीने जेवण, किरणोपचारांनंतर कायमचे कोरडे पडलेले तोंड, हे सारे नशिबी येते. खर्चाच्या धाकानेही लोक घरी बसून राहतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया आणि किरणोपचार समाविष्ट आहेत, ही गोष्ट गावोगाव पोचायला हवी.

लवकर पाहिल्याने खरोखर जीव वाचतात का, या प्रश्नाचे उत्तर आपल्याच देशात मिळालेले आहे. केरळमध्ये तिरुवनंतपुरम भागात प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन उजेडात लोकांची तोंडे तपासली. २००५ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले: तंबाखू किंवा मद्य घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू तपासणी झालेल्या गटात ३४ टक्क्यांनी कमी होते. महागडे यंत्र लागले नाही. त्याही आधी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधकांनी एर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलम या जिल्ह्यांतील ३६ हजार तंबाखू वापरणाऱ्यांना वर्षानुवर्षे भेटून, त्यांची तोंडे पाहून, तंबाखू सोडण्याचा सल्ला दिला होता. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामातून असे दिसले की नुसत्या समजावण्यानेही काही जणांची तंबाखू सुटते किंवा कमी होते आणि पांढरे चट्टे येण्याचे प्रमाण घटते. मुंबईत बसून आखलेल्या या कामाचा महाराष्ट्रालाच सर्वांत कमी उपयोग व्हावा, हे मला पटत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते. केंद्र सरकारच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात तोंडाच्या कर्करोगाची तपासणी ३० वर्षांवरील व्यक्तींसाठी, पाच वर्षांतून एकदा, अशी ठरवलेली आहे. आशाताई घरोघरी जाऊन पत्रक भरतात आणि उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी तोंड पाहतात. कर्करोग हा बहुधा चाळिशीनंतर दिसणारा रोग आहे, असे धरून हे वय ठरवले असणार आणि त्या हिशेबाने ते योग्यही आहे. पण २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात देशातील १३ ते १५ वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखू वापरत असल्याचे आढळले, आणि धूरविरहित तंबाखू चाखलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी ती दहा वर्षे पूर्ण होण्याआधीच प्रथम घेतली होती. दहाव्या वर्षी सुरुवात, विशीत तोंड मिटणे आणि तिशीत पहिली सरकारी तपासणी, असा हा क्रम आहे. मधली वर्षे कोणाच्याच हिशेबात नाहीत.

अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा जातात आणि त्यांच्या यादीत दातांचे आजार आहेतच. पथकाने किडलेला दात पाहताना त्याच मिनिटात तीन बोटांची परीक्षा घेतली, दोन्ही गाल बाजूला सारून पाहिले आणि नोंद केली, तर नवीन खर्च काहीही नाही. आठवीपासून पुढे हे सक्तीचे करावे, अशी माझी आरोग्य विभागाला विनंती आहे. खरी पोकळी अठरा ते तीस या वयाची आहे. हा तरुण निरोगी समजला जातो म्हणून कोणत्याही आरोग्य यंत्रणेच्या वाटेला येत नाही. तो भेटतो तो महाविद्यालयात, आयटीआयमध्ये, पोलीस भरतीच्या मैदानावर आणि आमच्या जिल्ह्यात कोळसा खाणींच्या फाटकाशी. या प्रत्येक ठिकाणी कधी ना कधी वैद्यकीय तपासणी होतच असते. उंची, छाती, डोळे, रक्तदाब सारे पाहिले जाते. तिथे तोंडही पाहिले जावे. आणि तोंड कमी उघडते म्हणून कोणाला भरतीतून किंवा कामावरून काढू नये, ही अट त्याबरोबर हवीच. अन्यथा ज्यांना मदत हवी तेच तपासणीपासून दूर पळतील.

कायद्यांची आपल्याकडे वाण नाही. २००३ च्या कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकता येत नाही आणि शाळा-महाविद्यालयांपासून शंभर यार्डांच्या आत विक्रीही करता येत नाही. बाल न्याय कायद्यात मुलाच्या हाती तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद आहे. जुलै २०१२ पासून राज्यात गुटखा व पानमसाल्यावर बंदी आहे आणि पुढे सुगंधी तंबाखू व सुगंधी सुपारीचाही तीत समावेश झाला, म्हणजे आज टपरीवर उघडपणे घोटला जाणारा खर्रा त्या बंदीतच मोडतो. तो ज्या पातळ पन्नीत बांधला जातो तीही प्लॅस्टिकबंदीत येते. अंमलबजावणी कमकुवत आहे, हे तर खरेच. तरी टपरीवाल्याला सरसकट खलनायक ठरवण्याच्या मताची मी नाही. त्याच्याही घरात तोच विकार असतो. गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ या उपक्रमातून गावसभेने स्वतः ठराव करून विक्री थांबवण्याचा मार्ग काही गावांनी धरला आहे. बाहेरून पडलेल्या छाप्यापेक्षा गावाच्या निर्णयाचे वजन जास्त असते, असे मला वाटते.

सोडू पाहणाऱ्यांना दोन शब्द. पहिले काही दिवस चिडचिड होते, डोके दुखते, झोप मोडते, शौचाला साफ होत नाही. ही निकोटिन उतरत असल्याची लक्षणे आहेत आणि दोन ते चार आठवड्यांत ती बरीच ओसरतात. घरच्यांनी या काळात टोमणे मारू नयेत. तंबाखूच्या पुडीवर छापलेला १८००-११-२३५६ हा क्रमांक मोफत समुपदेशनाचा आहे. धोक्याच्या चित्राकडे पाहून मान फिरवणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तो तिथे असल्याचे ठाऊक असते. एकदा सोडून पुन्हा सुरू झाली तरी पुन्हा सोडता येते. माझ्या कित्येक रुग्णांची ती दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नातच सुटली आहे.

शेवटी आपल्याकडे दोन मागण्या. वृत्तपत्रांत ३१ मे रोजी, जागतिक तंबाखूविरोधी दिनी, तंबाखूविरोधी लेख येतो आणि इतर दिवशी नामवंत कलाकारांच्या हसऱ्या चेहऱ्यांसह पानमसाल्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या वेलचीच्या जाहिराती येतात. त्या जाहिराती कोणत्या मालाची आठवण करून देण्यासाठी असतात हे वाचकालाही कळते आणि छापणाऱ्यालाही. त्या आपण नाकाराव्यात. दुसरी मागणी सोपी आहे: आपल्या आरोग्य पुरवणीत तीन बोटांच्या परीक्षेचे चित्र मोठ्या आकारात छापावे, म्हणजे ते कापून वर्गात आणि टपरीवर चिकटवता येईल. आमच्या तालुक्यातील महाविद्यालये आणि आयटीआय यांनी बोलावल्यास मी आणि माझे काही दंतवैद्य सहकारी विद्यार्थ्यांची तपासणी विनामूल्य करू. प्राचार्यांनी भरपूर उजेडाची एक खोली, हात धुण्यासाठी पाणी आणि आडोशाला एक पडदा एवढीच व्यवस्था करावी. मुलांची नावे आम्ही कोणालाही देणार नाही.

आपली नम्र,
एक दंतवैद्य,
चंद्रपूर जिल्हा